एक-एंजिनी विमानांचे अपघात : कारणमीमांसा व साधनविचार

१. चौसाळा हें बीड तालुक्यांतील गांव बालाघाटाच्या पठारावर, बीडाहून धाराशिवाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. १९४८ सालापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत मोडत होता. येथें विमानतळ नाहीं. अशा गांवाच्या निमित्तानें लहान विमानांच्या अपघातांचा इतिहास लिहूं जाणें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु विमान उडतें तें विमानतळावरून असलें, तरी पडतें तें पुष्कळ वेळां अशाच एखाद्या गांवाच्या शिवारांत. आणि त्या प्रसंगाचे पहिले साक्षीदार, पहिले मदतनीस व पहिले कथाकार गांवकरीच असतात. घडलेली गोष्ट प्रथम त्यांच्या तोंडून बाहेर पडते, तिला एक कारण चिकटतें, आणि तें कारण पुढें कायमचें होऊन बसतें. आपल्या बखरींतील पुष्कळशीं कारणें अशाच रीतीनें तयार झालेलीं आहेत. तेव्हां विषय यंत्रशास्त्राचा असला, तरी त्यांतील साधनविचार आपल्या नित्याच्या कामाचा आहे, असें समजून हा लेख वाचकांपुढें ठेवीत आहें.

२. प्रस्तुत लेखांतील विचार एकच एंजिन असलेल्या लहान विमानांपुरता आहे. दोन किंवा अधिक एंजिनांच्या विमानांत एक बंद पडलें तरी दुसऱ्याच्या बळावर निभावून नेण्याची सोय असते. एक-एंजिनी विमानांत ती नाहीं. त्यामुळें कोणताहि अपघात झाला कीं, 'एंजिन बंद पडलें आणि विमान कोसळलें' हें वाक्य बाजारांत प्रथम ऐकूं येतें. हें वाक्य तपासून पाहणें हा या लेखाचा मुख्य हेतु होय.

एंजिन थांबलें म्हणून विमान दगडासारखें खालीं येत नाहीं. पंखांवरून पुरेशा वेगानें हवा वाहते आहे तोंवर तें घसरत घसरत उतरतें. सामान्य शिकाऊ विमान १००० फुटांच्या उंचीवरून, वारा नसतां, सुमारें दीड मैलाचा पल्ला गांठूं शकतें. त्या पल्ल्यांत एखादें मोकळें शेत वा माळ मिळाल्यास बसलेलीं माणसें पायीं चालत घरीं जातात. अर्थात् एंजिन थांबणें ही एक गोष्ट आणि अपघात होणें ही दुसरी. मधल्या एक-दोन मिनिटांत काय घडलें, आणि मुळांत एंजिन थांबलें तें कां, हे दोन प्रश्न उरतातच. कारणामागें कारण अशी ही सांखळी असते, आणि तिचा शेवटचा दुवा तेवढा पाहणारांस दिसतो.

३. या सांखळीचा मागोवा घेण्याची लेखी परंपरा विमानाइतकीच जुनी आहे. १७ सप्टेंबर १९०८ रोजीं अमेरिकेंत फोर्ट मायर येथें ऑर्व्हिल राइट हा लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज यास बरोबर घेऊन उडाला असतां विमान कोसळलें. सेल्फ्रिज मरण पावला. यंत्रबलानें उडणाऱ्या विमानाच्या अपघातांत प्राण गमावलेला हा पहिला मनुष्य. राइट जबर जखमी झाला, पण वांचला. या विमानास एक एंजिन व त्यानें फिरणारे दोन पंखे होते. अवशेषांची तपासणी झाली तेव्हां असें दिसून आलें कीं, एका पंख्याचें पातें तडकलें, पंखा हादरूं लागला, आणि मागील सुकाणूस ताणून धरणाऱ्या तारेवर त्याचा आघात झाला. सुकाणू वांकडें झालें व विमानाचें तोंड जमिनीकडे वळलें. एंजिन राइटनें स्वतः बंद केलें होतें. खालीं उभ्या असलेल्या प्रेक्षकाच्या साक्षीवरच निर्णय दिला असता, तर 'एंजिन थांबलें आणि विमान पडलें' एवढेंच इतिहासांत राहिलें असतें. तुटलेल्या तारेनें व तडकलेल्या पात्यानें खरी हकीकत सांगितली.

पुढें १९१२ सालीं इंग्लंडांतील रॉयल एरो क्लबानें अपघात-तपासणीसाठीं एक समिति नेमली. १३ मे १९१२ रोजीं ब्रुकलंड्स येथें फ्लँडर्स जातीच्या विमानास झालेल्या अपघाताचा तिनें दिलेला अहवाल हा या प्रकारच्या कागदांतील पहिला समजला जातो. १९१५ त लष्करी विमानदळांत अपघात-तपासनिसाची स्वतंत्र जागा निर्माण झाली, व कॅप्टन जॉर्ज कॉकबर्न यास ती देण्यांत आली. आपल्या देशांत १९३४ च्या विमान कायद्यानें अशा तपासणीचे नियम करण्याचा अधिकार सरकारास मिळाला, आणि १९३७ च्या नियमावलींत त्याची रीत घालून दिली गेली. विमान-अपघात-तपासणीचें स्वतंत्र कार्यालय भारतांत २०१२ त अस्तित्वांत आलें. तत्पूर्वीं हें काम नागरी विमानवाहतुकीच्या महासंचालकांच्या कचेरींतूनच होत असे. म्हणजे परवाने देणारा हात आणि चुका शोधणारा हात एकच होता. १९३४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. येणेंप्रमाणें सव्वाशें वर्षांच्या आंत एक नवा दप्तरवर्ग जगांत निर्माण झाला, व त्याकडे इतिहासाचें साधन म्हणून पाहण्यास हरकत नाहीं.

४. या दप्तरांतील एका मनुष्याची हकीकत विशेष बोधप्रद आहे. लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क हा इंग्रजी आरमारांतील वैमानिक. २५ ऑगस्ट १९१२ रोजीं सॉल्सबरीच्या मैदानावर लष्करी चांचण्या चालूं असतां त्याचें ॲव्ह्रो विमान एकाएकीं भोंवऱ्यासारखें गिरक्या घेत खालीं येऊं लागलें. अशा गिरकींत सांपडलेला वैमानिक तोंवर क्वचितच वांचत असे, म्हणून त्यांतून सुटण्याचा मार्ग सांगणारें कोणी नव्हतें. पार्कनें आधीं प्रचलित समजुतीप्रमाणें सुकाणू गिरकीच्या आंतील बाजूस दाबून पाहिलें. उपयोग झाला नाहीं. शेवटच्या क्षणीं त्यानें तें उलट दिशेस दाबलें, आणि जमीन सुमारें ५० फुटांवर आली असतां विमान सरळ झालें. उतरल्यावर त्यानें काय केलें, कोणत्या क्रमानें केलें, हें तेथें हजर असलेल्या जाणत्या लोकांस त्याच दिवशीं सांगितलें, व तें टिपून प्रसिद्ध करण्यांत आलें. ताजी, प्रत्यक्ष, कर्त्याच्या मुखांतली साक्ष म्हणून या टिपणाची योग्यता मोठी आहे. त्यानंतर चार-पांच वर्षांनीं, १९१७ च्या सुमारास, फार्नबरो येथें फ्रेडरिक लिंडमन या पदार्थविज्ञानवेत्त्यानें स्वतः विमान चालवून गिरकीचीं मापें घेतलीं, तेव्हां तिचें शास्त्र निश्चित झालें.

परंतु पार्कचा शेवट याहून अधिक शिकविणारा आहे. १५ डिसेंबर १९१२ रोजीं, म्हणजे पुरते चार महिनेहि झाले नव्हते तों, वेंब्ली येथें हँडली पेज विमानांतून जात असतां एंजिन नीट चालेनासें झालें. पार्कनें विमान वळविण्याचा यत्न केला. वेग कमी, उंची थोडी, अशा स्थितींत तें कोसळलें, आणि पार्क व त्याचा सहप्रवासी दोघेहि मृत्यु पावले. गिरकींतून सुटण्याची युक्ति ज्यानें जगास दिली, त्याला ती वापरण्यापुरती उंचीच मिळाली नाहीं. यांत 'कारण' कोणतें म्हणावें? एंजिनाचा अशक्तपणा, वळण्याचा निर्णय, वेगाची तूट, कीं उंचीची तूट? चारहि म्हणावीं लागतात. यांतील कोणतेंहि एक काढून घेतलें असतें तर दोघे वांचण्याचा संभव होता.

५. आतां आपल्या प्रांताकडे वळूं. मुंबई फ्लाइंग क्लबाची स्थापना १९२८ सालीं झाली व जुहू येथें लहान विमानें उडूं लागलीं. १० फेब्रुवारी १९२९ रोजीं जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांस हिंदुस्थानांत दिलेला पहिला वैमानिक-परवाना मिळाला. १९३० त आगाखानांनीं इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील अंतर ठराविक मुदतीच्या आंत एकट्यानें उडून जाणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास बक्षीस लाविलें होतें. त्या वर्षीं तिघे तरुण निघाले. मनमोहन सिंग यांनीं प्रवास पुरा केला, पण वाटेंतील अडचणींमुळें त्यांस मुदत साधली नाहीं. अस्पी इंजिनियर हे इंग्लंडाकडून येत होते, तर टाटा हे कराचीहून निघून तिकडे जात होते. मिसर देशांतील अबुकीर येथें दोघांची गांठ पडली, तेव्हां अस्पी यांचें विमान स्पार्क प्लगांसाठीं अडून बसलें होतें. टाटांनीं आपल्याजवळचे प्लग प्रतिस्पर्ध्यास काढून दिले. अस्पी कराचीस आधीं पोंचले व बक्षीस त्यांस मिळालें. हेच अस्पी इंजिनियर पुढें १९६० ते १९६४ पर्यंत भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते. ही गोष्ट बहुधा टाटांच्या औदार्याचा दाखला म्हणून सांगतात, व तो योग्यच आहे. आपल्या विषयापुरतें एवढेंच पाहावयाचें कीं, मुठींत मावणाऱ्या एका सुट्या भागावर सबंध प्रवास, आणि कदाचित् प्राणहि, अवलंबून होता. बिघाड जमिनीवर उघडकीस आला म्हणून ती गोष्ट सौजन्याची झाली. समुद्रावर उघडकीस आला असता तर ती शोकाची झाली असती.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं टाटांनीं पुस मॉथ जातीच्या विमानांतून सुमारें ५५ पौंड वजनाची टपाल कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस आणली. तेथून नेव्हिल विंट्सेंट यांनीं ती बेल्लारीमार्गें मद्रासेस नेली. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडींतून आले होते. पावसाळ्यांत जुहूचें मैदान पाण्याखालीं जाई, म्हणून ते चार महिने सारा सरंजाम, म्हणजे दोन विमानें, तीन वैमानिक व तीन यंत्रकारागीर, पुण्यास येरवड्याच्या तुरुंगाशेजारील मैदानावर हालवीत. मान्सून, चिखल, डब्यांतलें पेट्रोल आणि एकच एंजिन, यांवर ही टपाल चालली. ती सुरळीत चालली याचें श्रेय धाडसापेक्षां रोजच्या रोज यंत्र तपासणाऱ्या हातांस अधिक आहे.

६. याच पुस मॉथ विमानाचा इतिहास अपघात-मीमांसेंत एक नमुना होऊन राहिला आहे. १९३० पासून पुढील तीन वर्षांत निरनिराळ्या देशांत या जातीचीं विमानें हवेंतच मोडून पडूं लागलीं. असे नऊ प्राणघातक अपघात नमूद आहेत. त्यांतील पहिला ऑक्टोबर १९३० त पश्चिम ऑस्ट्रेलियांत झाला. प्रत्येक अपघात सुटासुटा घेतला तर 'वादळ होतें', 'वैमानिकानें वेग फार दिला', असें म्हणून मोकळें होतां आलें असतें. परंतु सर्व प्रकरणें एकत्र ठेवून, मोडलेल्या तुकड्यांची तुलना करून, प्रयोगशाळेंत वाऱ्याच्या झोतांत नमुने तपासून जेव्हां विचार झाला, तेव्हां एक सामायिक दुवा हातीं लागला. पंखास खालून पेलणारा जो पुढचा टेकू, तो खळबळत्या हवेंत थरथरून निकामी होत असे. उपाय अगदीं लहान निघाला. पुढच्या टेकूस मागच्याशीं बांधणारी एक आंखूड दांडी बसविण्यांत आली, आणि दोष नाहींसा झाला.

वाचकांनीं येथें थोडें थांबून विचार करावा. एका पोथीवरून पाठ ठरवितां येत नाहीं. निरनिराळ्या ठिकाणच्या प्रती जमवून, त्यांतील समान अपभ्रंश हेरून मूळ प्रमाद कोठें शिरला हें ठरवावें लागतें. पुस मॉथच्या बाबतींत तज्ज्ञांनीं केलें तें याच जातीचें काम होय. फरक इतकाच कीं, येथील प्रत्येक 'प्रत' माणसांच्या प्राणांनीं लिहिलेली होती.

७. अशा प्रकरणांच्या राशी एकत्र करून जीं सामान्य कारणें ठरलीं आहेत, तीं थोडक्यांत अशीं :

पहिलें कारण वेग गमावण्याचें. पंख हवेस ज्या कोनांत कापतो तो एका मर्यादेपलीकडे वाढला कीं हवा पंखाचा पाठपृष्ठभाग सोडते व उचल नाहींशी होते. यास वैमानिक 'स्टॉल' म्हणतात. सरळ उडतांना जो वेग पुरेसा असतो तो वळतांना पुरत नाहीं. ४५ अंश कलून उंची राखीत वळल्यास लागणारा किमान वेग सुमारें १९ टक्क्यांनीं, आणि ६० अंश कलल्यास सुमारें ४१ टक्क्यांनीं वाढतो. उतरण्यापूर्वींच्या शेवटच्या वळणावर, धावपट्टी चुकते आहे असें वाटून जो घाईनें वळण आंवळतो, तो या सापळ्यांत सांपडतो. उड्डाण करतांच एंजिन दगा देऊं लागलें असतां मागें फिरण्याचा मोह हाहि त्याच जातीचा. मागें फिरणें म्हणजे केवळ १८० अंश वळणें नव्हे. पुन्हा धावपट्टीच्या रेषेंत येण्यास त्याहून पुष्कळ अधिक वळावें लागतें, आणि तेवढी उंची त्या वेळीं हातीं नसते. पार्क १९१२ त असाच गेला, आणि त्यानंतर त्याच वाटेनें गेलेल्यांची गणती नाहीं. म्हणूनच समोर जें शेत असेल तेथें उतरावें, असें प्रत्येक शिकाऊ वैमानिकास आजहि घोकविलें जातें.

दुसरें कारण इंधनाचें. टाकी रिकामी होणें, भरलेल्या टाकीची चावी बंद राहणें, आणि पेट्रोलांत पाणी शिरणें, हे त्याचे तीन प्रकार. तिहींचा उगम बहुधा जमिनीवरच होतो. उड्डाणापूर्वीं टाकींत कांडी घालून पाहणें व तळचें थेंबभर पेट्रोल कांचेंत काढून तपासणें, एवढ्यानें हे टळतात.

तिसरें कारण ऐकणारास खोटें वाटेल असें आहे. तें म्हणजे उष्ण देशांतील बर्फ. कार्ब्युरेटरांत पेट्रोलची वाफ होतांना व हवा अरुंद नळींतून ओढली जातांना तेथील उष्णमान २० अंश व क्वचित् त्याहूनहि अधिक उतरतें. हवा दमट असेल तर बाहेर २५ अंशांची उबदार सकाळ असतांनाहि आंत बर्फ धरतो व एंजिन गुदमरतें. उपाय म्हणून गरम हवा आंत सोडणारी कळ असते. ती वेळीं ओढली तर बर्फ वितळतो. या कारणाचा साधनदृष्ट्या विशेष असा कीं, अपघातानंतर तपासनीस येईपर्यंत बर्फाचें पाणी होऊन तेंहि वाळून गेलेलें असतें. पुरावाच आपला नाश करून घेतो. त्या सकाळचें उष्णमान व आर्द्रता यांच्या नोंदींवरून अनुमान तेवढें करतां येतें.

चौथें कारण ढग. ज्यास केवळ यंत्रांकडे पाहून उडण्याचा सराव नाहीं, तो ढगांत शिरला कीं त्याचें शरीरच त्याला फसवितें. विमान कलत असतां तें सरळ आहे असें त्यास वाटतें. अमेरिकेंत इलिनॉय विद्यापीठानें १९५४ त असा सराव नसलेल्या वीस जणांची परीक्षा घेतली. विसांपैकीं एकासहि विमान ताब्यांत ठेवतां आलें नाहीं, आणि ताबा सुटेपर्यंतचा सरासरी काळ १७८ सेकंद भरला. तीन मिनिटेंहि नव्हेत. जुहूहून पुण्यास जातांना घाट ढगांनीं भरलेले असतात हें ज्यास ठाऊक आहे, त्यास या आंकड्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

पांचवें कारण ऊन व उंची. याचें उदाहरण चौसाळ्याकडील पठारावरून घेऊं. समजा, समुद्रसपाटीपासून २००० फूट उंचीचा माळ आहे व वैशाखाच्या दुपारीं उष्णमान ४० अंश आहे. त्या उंचीवर प्रमाण उष्णमान सुमारें ११ अंश धरतात. हवा त्याहून २९ अंश तापलेली, म्हणून विरळ. गणित केल्यास तेथील हवा सुमारें ५५०० फुटांवरील प्रमाण हवेइतकी पातळ ठरते. पंखास उचल कमी, पंख्यास पकड कमी, आणि साध्या एंजिनाची शक्तीहि सुमारें सहाव्या हिश्शानें कमी. जमिनीवर धांवण्याचें अंतर दीडपटीच्या पुढें जातें. थंडीच्या पहांटे जें विमान दोन माणसें घेऊन सहज उडालें, तेंच विमान, तींच माणसें, तोच माळ, आणि दुपारीं मात्र शेवटचें बाभळीचें झाड ओलांडवत नाहीं. यांत कोणतेंहि यंत्र बिघडलेलें नसतें.

सहावें कारण विनाकारण खालून उडणें. विजेच्या तारा, टेकड्या, व कसरती करतांना चुकलेला अदमास हे त्याचे प्रकार. २३ जून १९८० रोजीं दिल्लींत सफदरजंगजवळ पिट्स जातीच्या एक-एंजिनी कसरती विमानांतून कमी उंचीवर कसरती करीत असतां संजय गांधी व त्यांचे सहवैमानिक मरण पावले, हें सर्वांस विदित आहे. उंची ही वैमानिकाची शिल्लक होय. ती खर्चून टाकलेल्यास चूक सुधारण्यास अवकाश राहत नाहीं.

सातवें, आणि लोकसमजुतींत पहिलें, तें यंत्राचा खराखुरा बिघाड. तो होतो. परंतु अमेरिकेंत लहान विमानांच्या अपघातांचीं जीं वार्षिक संकलनें होतात, त्यांवरून पाहतां सुमारें तीन चतुर्थांश अपघात वैमानिकाच्या निर्णयाशीं वा हाताशीं निगडित ठरतात, यंत्राकडे त्या मानानें थोडे जातात.

८. येथें या विषयांतील खरा नाजूक प्रश्न उपस्थित होतो. 'वैमानिकाचा दोष' हा शब्दप्रयोग लिहिण्यास सोपा आहे. ज्याच्यावर तो लिहिला जातो तो पुष्कळ वेळां हयात नसतो, व आपली बाजू मांडूं शकत नाहीं. त्याच्या घरच्यांस मात्र तो शिक्का जन्मभर वागवावा लागतो.

आपल्या इतिहासांत याचें मोठें उदाहरण आहे. पानिपतच्या पराभवाचा सारा दोष सदाशिवरावभाऊंच्या हट्टाकडे नेण्याची रीत बखरींनीं पाडली. भाऊसाहेब रणांगणावरच पडले होते. उत्तर देणार कोण? इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ त 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढला, आणि त्या मोहिमेचीं अस्सल पत्रें लोकांपुढें आलीं. रसद कशी आटली, पैका कोठें अडला, कोण वेळेवर पोंचला नाहीं, हें त्या पत्रांवरून दिसूं लागलें, व एका माणसाच्या स्वभावावर उभारलेली कारणमीमांसा डळमळली. राजवाड्यांचे सर्व निष्कर्ष पुढील संशोधकांनीं मान्य केले असें नव्हे. पण मृताच्या माथीं दोष ठेवण्यापूर्वीं कागद पाहिले पाहिजेत, हा दंडक कायम झाला.

विमान-अपघाताच्या चांगल्या अहवालांत हाच दंडक पाळलेला असतो. वैमानिकानें वेग गमावला, एवढें लिहून तो थांबत नाहीं. त्याचे उड्डाणाचे तास किती, शिक्षकानें त्यास काय शिकविलें, त्या दिवशीं एकट्यानें उडण्याची परवानगी कोणी दिली, हवामानाची सूचना त्याच्यापर्यंत पोंचली होती काय, यंत्राची शेवटची तपासणी कोणी केली व तिची नोंद खरी आहे काय, हे प्रश्न तो विचारतो. उत्तरें मिळालीं कीं 'वैमानिकाचा दोष' हें वाक्य पुष्कळदां एका लांबलचक सांखळीचा शेवटचा दुवा ठरतें. अशा तपासणीचा हेतु दोष वांटणें हा नसून पुढचा अपघात टाळणें हा आहे, असें आज सर्व देशांनीं मान्य केलेलें तत्त्व आहे. इतिहासकारानेंहि तें आपलेंसें करण्यास हरकत नाहीं.

९. हें सर्व दूरचें नाहीं. २५ जुलै २०२२ रोजीं बारामतीहून एकटीच उडालेल्या एका शिकाऊ तरुणीचें सेस्ना १५२ जातीचें विमान इंदापूर तालुक्यांतील कडबनवाडीच्या शिवारांत कोसळलें. गांवकरी धांवून गेले, व सुदैवानें ती वांचली. १८ मार्च २०२३ रोजीं गोंदियाजवळील बिरसी येथून निघालेलें एक-एंजिनी शिकाऊ विमान बालाघाट जिल्ह्यांतील डोंगराळ रानांत पडून शिक्षक व शिष्या दोघेहि दगावलीं. ऑक्टोबर २०२३ त बारामतीच्या आसपास चार दिवसांच्या आंत दोन शिकाऊ विमानें पडलीं. महाराष्ट्रांत विमानविद्येच्या शाळा वाढत आहेत, व त्यांत जाणारीं मुलें आतां लहान गांवांतूनहि येतात. उद्यां चौसाळ्याच्या एखाद्या घरांतील मुलगी अशा विमानांत बसली, तर तिच्या घरच्यांस या दप्तराची किंमत आपोआप कळेल.

१०. संग्राहकांसाठीं शेवटीं दोन गोष्टी लिहावयाच्या आहेत.

पहिली दंतकथेसंबंधीं. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनीं १८९५ त चौपाटीवर 'मरुत्सखा' नांवाचें विमान उडविलें, तें १५०० फूट चढलें व कोसळलें, अशी कथा प्रसिद्ध आहे. ती खरी मानिली तर तो आपल्या प्रांतांतील पहिला विमान-अपघात ठरेल. परंतु आज जे तपशील प्रसृत आहेत, ते बहुतांशीं उत्तरकालीन सांगण्यावर उभे आहेत. ज्या 'वैमानिक शास्त्रा'शीं या कथेचा संबंध जोडतात, त्या ग्रंथाची परीक्षा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं १९७४ त केली. ग्रंथ १९०४ च्या पूर्वींचा नाहीं, आणि त्यांत वर्णिलेलीं यंत्रें उडण्याजोगीं नाहींत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तळपदे यांच्या खटपटीविषयीं आदर बाळगूनहि, समकालीन कागद पुढें येईपर्यंत ती कथा कथा म्हणूनच नोंदावी, हें बरें. उलटपक्षीं, एखाद्या वाचकाच्या संग्रहांत त्या वर्षीचें पत्र, पावती वा वृत्तपत्राचें पान असेल, तर तें प्रसिद्ध करणें हें त्याचें कर्तव्य आहे.

दुसरी गोष्ट अवशेषांसंबंधीं. विमान पडलें कीं आठवण म्हणून त्याचा तुकडा उचलून नेण्याची संवय सर्वत्र आढळते, आणि आम्हां संग्राहकांचे हात त्या कामीं इतरांहून तत्पर असतात. कायद्यानें माणसांची सुटका, आगीपासून बचाव अशा निकडीच्या कारणांशिवाय अवशेष हालवितां येत नाहींत. कायदा बाजूस ठेवला तरी विवेक तेंच सांगतो. फोर्ट मायरची तुटकी तार कोणी घरीं नेली असती, अथवा पुस मॉथचा मोडका टेकू कोणाच्या दिवाणखान्यांत शोभेस लागला असता, तर पुढचीं किती माणसें गेलीं असतीं याचा हिशेब कोण देणार? कोरीव लेखाचा दगड जागेवरून उपटला कीं त्याचा अर्धा अर्थ जातो, हें आपण जाणतों. येथें अर्थाबरोबर प्राणहि जातात.

संग्रह करावयाचाच असेल तर त्यास मोठें क्षेत्र मोकळें आहे. जुन्या वैमानिकांच्या उड्डाण-वह्या, फ्लाइंग क्लबांचीं रजिस्टरें, यंत्रकारागिरांच्या तपासणी-नोंदी, १५ ऑक्टोबर १९३२ च्या टपालींतील पाकिटें, निजामाच्या व इंग्रजांच्या अमदानींतील पर्जन्य व उष्णमानाच्या नोंदवह्या, हीं सर्व साधनें रद्दींत जाण्याच्या वाटेवर आहेत. आणि जो गांवकरी अपघात स्वतः पाहील, त्यानें त्याच दिवशीं, दुसऱ्याशीं बोलण्यापूर्वीं, पाहिलें तेवढेंच लिहून ठेवावें : आवाज आधीं थांबला कीं विमान आधीं कललें, धूर होता कीं नव्हता, वारा कोणीकडून होता, ऊन कसें होतें. कारण लिहूं नये. कारण ठरविण्याचें काम पुढचें आहे, आणि तें सर्व कागद एका जागीं आल्यावर करावयाचें आहे.